दुबईच्या कर्जाचे फोन पुण्यात येऊ लागले तर

प्रश्न थोडक्यात असा: "दुबईत सहा वर्षं नोकरी केली. मार्च २०२३ मध्ये कंपनीने काढलं, व्हिसा रद्द झाला, पुण्याला परत आलो. मागे एका बँकेचं पर्सनल लोन १,१०,००० दिरहम आणि त्याच बँकेच्या क्रेडिट कार्डाचे २८,००० दिरहम राहिले. एप्रिल २०२३ पासून एकही हप्ता गेलेला नाही. आता दिल्लीच्या एका एजन्सीचे रोज फोन येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर वॉरंट आलंय. सिंहगड रोडच्या आमच्या सोसायटीत दोन माणसं येऊन वडिलांशी बोलून गेली. एजंट म्हणतो, 'सहा महिन्यांत भरतो' एवढं ईमेलवर लिहून द्या, बाकी मी सांभाळतो. फ्लॅट माझ्या आणि वडिलांच्या नावावर आहे. पुढच्या महिन्यात कंपनी जर्मनीला पाठवतेय, तिकीट दुबईमार्गे काढलंय. अटक होईल का? लिहून देऊ का? फ्लॅट आईच्या नावावर करू का?"

आधी उत्तरं देतो, कारणं मागाहून. या कर्जापायी पुण्यात तुम्हाला कोणी बेड्या घालणार नाही. ईमेल लिहू नका, निदान एजंट सांगतोय त्या शब्दांत तर नाहीच. फ्लॅटला हात लावू नका. तिकिटाचं शेवटी बोलू, पण तेच सगळ्यात तातडीचं आहे.

मी शिवाजीनगरच्या कोर्टात दिवाणी कामं करतो. आखातातून परतलेले पक्षकार गेल्या पाच-सहा वर्षांत बरेच वाढलेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरी एकच प्रकार दिसतो. फोनवर ओरडणाऱ्या माणसापुढे अख्खं घर चळाचळा कापतं आणि कोर्टाचं खरं पाकीट आलं की "मुलगा इथे राहत नाही" असं सांगून पोस्टमनला वाटेला लावतात. घाबरायचंच असेल तर त्या पाकिटाला घाबरा.

म्हणून पहिला प्रश्न हा, की समोरच्याच्या हातात कागद कोणता आहे? बँकेचा थकबाकीचा हिशेब असेल, तर तो नुसता दावा. वकिलाची नोटीस असेल, तर तो दावा लेटरहेडवर. तिकडच्या कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे भरा असा निकाल असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. एजंट या तिन्हींची खिचडी करून बोलतो, कारण त्याला कमिशन वसुलीवर मिळतं.

तुम्ही पाठवलेलं 'वॉरंट' मी पाहिलं. वर दिल्लीच्या एका कोर्टाचं नाव, मध्ये अशोकस्तंभ, खाली निळा गोल शिक्का आणि त्याच्या बाजूला, मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट, इंटरपोलचं बोधचिन्ह. कलमं दोन लावलीत: ४२० आणि १३८. ४२० हे जुन्या दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम, पण ते आहे म्हणून कागद खोटा, असं लगेच म्हणता येत नाही. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्याआधीच्या घटनेला जुनं कलम लागू शकतं. पण गुन्हा कुठल्या पोलीस ठाण्यात, किती नंबरने नोंदला, याचा पत्ता नाही. केस नंबर नाही. आपल्याकडच्या जिल्हा आणि तालुका कोर्टांतल्या प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो (पुणे जिल्हा न्यायालयांचा 'एमएचपीयू'ने सुरू होतो), तो ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकला की खटला समोर दिसतो. तुमच्या कागदावर तो नाही. कलम १३८ म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, आणि तो चालतो चेक ज्या शाखेत वसुलीला जमा झाला तिथल्या कोर्टात. तुमचा सिक्युरिटी चेक (कर्ज देताना बँक हमी म्हणून घेते तो) दुबईच्या बँकेचा, भरला दुबईत, परत गेला दुबईत. दिल्लीच्या कोर्टाचा त्याच्याशी संबंधच नाही. शिवाय कोर्टाचं वॉरंट पोलीस घेऊन येतात, वसुली एजंट ते व्हॉट्सअ‍ॅप करत नसतो. इंटरपोलचं म्हणाल, तर त्यांच्या नियमांत खासगी व्यवहाराच्या वादासाठी रेड नोटीस (माणूस शोधून ताब्यात घ्या अशी देशोदेशीच्या पोलिसांना विनंती) निघतच नाही.

पासपोर्टचीही अशीच भीती घालतात. पासपोर्ट जप्त करायचा अधिकार १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली पासपोर्ट खात्याला आहे, बँकेला नाही. लुकआउट नोटीस (विमानतळावर अडवायची सूचना) मागायची मुभा सरकारी बँकांना दिली होती, तीसुद्धा मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरवली. परदेशी बँक त्या यादीत कधीच नव्हती.

एवढं वाचून "म्हणजे काहीच होत नाही" असं मनाशी ठरवू नका. आखातातल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर हाच सल्ला फिरतो आणि तो २०२० च्या आधीचा आहे.

१७ जानेवारी २०२० ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली परस्पर-मान्यतेचा देश ठरवलं. त्याआधी दुबईच्या कोर्टाचा निकाल घेऊन बँक इथे आली, तर त्या निकालाच्या आधारावर तिला नव्याने दावा लावावा लागायचा. आता दुबईचा पैशाचा हुकूमनामा ती सरळ आपल्या जिल्हा न्यायालयात आणून दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करू शकते, जणू तो निकाल शिवाजीनगरच्याच कोर्टाने दिलाय. इंग्लंड, सिंगापूर, हाँगकाँग, न्यूझीलंड या यादीत आधीपासून आहेत. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया नाहीत. तिथल्या निकालावर इथे तीन वर्षांच्या आत नवा दावाच लावावा लागतो.

दरखास्त आली तरी बेलिफ, म्हणजे जप्तीला येणारा कोर्टाचा कर्मचारी, दुसऱ्या दिवशी दारात उभा राहत नाही. कलम ४४अ च्या दरखास्तीत आदेश २१ नियम २२ प्रमाणे कोर्टाला तुमच्या नावाने आधी नोटीस काढावी लागते. त्या नोटिशीला उत्तर देताना कलम १३ खालच्या हरकती घेता येतात: निकाल गुणदोषांवर दिलेला नाही, मला म्हणणं मांडायची संधीच दिली नाही, फसवणुकीने मिळवलाय, वगैरे. तुम्ही पुण्यात असताना दुबईत कामकाज एकतर्फी चाललं असेल आणि समन्स बंद झालेल्या मोबाइलवर किंवा सोडलेल्या फ्लॅटवर गेलं असेल, तर या हरकतींत दम आहे. पुरावा न तपासता दिलेला एकतर्फी निकाल गुणदोषांवरचा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या प्रकरणात सांगितलंय. २०२२ पासून तिकडे न वटलेल्या चेकवर, खटला न चालवता, थेट अंमलबजावणी मागता येते. असा आदेश आपल्या कलम ४४अ मधला 'हुकूमनामा' ठरतो का, यावरही वाद घालायला जागा आहे. "त्या कोर्टाला अधिकारच नव्हता" ही हरकत मात्र तुमच्या कामाची नाही. तुम्ही तिथे राहत होता, करार तिथेच केला. कोणी वकील त्यावर फी मागत असेल तर जपून.

आता पाकिटाचं. चिंचवडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या खात्यावर जप्तीचा आदेश आधीच झाला होता. कोर्टाची नोटीस रजिस्टर पोस्टाने दोनदा आली होती. आईंनी दोन्ही वेळा घेतली नाही, पोस्टमनने पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारला आणि कोर्टाने नोटीस बजावली असं धरलं. कायदा तसाच आहे. हरकतीचे चांगले मुद्दे हातात होते, पण मांडायला कोणी हजरच नव्हतं. पुढचे आठ महिने आम्ही तो आदेश फिरवण्यात घालवले. त्यामुळे घरात आजच सांगून ठेवा: कोर्टाचं पाकीट आलं की सही करून घ्यायचं, पाकिटासकट जपायचं आणि त्याच दिवशी तुम्हाला कळवायचं.

दरखास्तीत जप्ती कशावर येऊ शकते? पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, म्हणजे साधारण एक तृतीयांशापर्यंत हात जातो, तोही एका हुकूमनाम्यापोटी एकूण चोवीस महिने. प्रॉव्हिडंट फंडाला हात लागत नाही. फ्लॅटमधला तुमचा हिस्सा जप्त होऊ शकतो, वडिलांचा नाही. वडील जामीनदार नव्हते, त्यामुळे ते एक रुपया देणं लागत नाहीत, त्यांच्यासमोर कोणी कितीही टेबल आपटलं तरी. दिवाणी कैदेची तरतूद कायद्यात आहे, पण नुसतं पैसे नाहीत म्हणून ती वापरता येत नाही, ऐपत असून लबाडीने टाळलं तरच, हे १९८० पासून पक्कं आहे.

याच कारणाने फ्लॅट आईच्या नावावर करू नका. कर्ज देणाऱ्याला चुकवण्यासाठी केलेलं बक्षीसपत्र मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं. वर तुमचा प्रामाणिकपणा, जो आज तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, तो कोर्टापुढे तुम्ही स्वतःच मातीत घालता.

ईमेलवर मी जरा जास्त वेळ घेतो, कारण एजंट इथेच तुम्हाला गोड बोलतोय. बँकेला तिकडे हुकूमनामा न घेता इथे थेट दावा लावायचा असेल, तर आपला मुदतीचा कायदा लागतो: हप्ता थकल्यापासून किंवा बँकेने सगळं कर्ज एकदम मागितल्यापासून, कराराप्रमाणे, तीन वर्षं. करार परदेशात झाला म्हणून ही मुदत वाढत नाही. तुमची तीन वर्षं एप्रिल २०२६ पासून भरायला लागतात. मुदत संपण्याआधी तुम्ही सहीनिशी कर्जाची कबुली लिहून दिलीत, तर कलम १८ प्रमाणे त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मोजायची. ईमेलही कबुली धरल्याचे निकाल आहेत. पाच हजार रुपये 'गुडविल म्हणून' भरलेत आणि त्याची नोंद तुमच्या अक्षरात किंवा सहीची असेल, तरी कलम १९ खाली तेच. आणि मुदत संपल्यावर "भरतो" असं सहीनिशी लिहून दिलंत, तर करार कायद्याच्या कलम २५ खाली ते नवं वचनच होतं. तीन वर्षं भरत आली आणि एजंटाला अचानक तुमचं एक ओळीचं पत्र हवंय, ते उगाच नाही.

हेही ध्यानात ठेवा, की ही तीन वर्षं इथल्या दाव्याची. दुबईत दावा लावायची मुदत तिकडच्या कायद्याने ठरते, आणि तिथला हुकूमनामा इथे आणायची मुदतही मूळ देशाच्या कायद्याने मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा बँक या प्रकरणात ठरवलंय. म्हणजे एप्रिल उलटला म्हणून पेढे वाटू नका.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर मिटवा. मी कर्ज बुडवायला शिकवत नाही, आणि तुमच्या पत्रावरून तुमचाही तो विचार दिसत नाही. पण एजंटाशी मिटवू नका, बँकेशी मिटवा.

बँकेच्या वसुली विभागाला, तिच्या अधिकृत ईमेलवर, वकिलामार्फत पत्र पाठवा. "कोणतीही जबाबदारी मान्य न करता आणि सर्व हक्क अबाधित राखून" ही ओळ वर, आणि खाली फक्त मागण्या: खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा, कराराची प्रत, शेवटचा पगार आणि ग्रॅच्युइटी कुठे वळती केली त्याचा हिशेब, कोर्टात काही दाखल असेल तर त्याचा नंबर, आणि या एजन्सीला दिलेलं अधिकारपत्र. ग्रॅच्युइटीचं मुद्दाम लिहिलंय. नोकरी सुटल्यावर पगाराच्या खात्यात आलेली शेवटची रक्कम बँक कर्जात वळवून घेते आणि एजंटच्या यादीत थकबाकी जुनीच राहते, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय. कर्जाबरोबर विमा होता का, कार्डावर क्रेडिट शील्डचे (थकबाकीच्या विम्याचे) पैसे कापले जात होते का, तेही उताऱ्यात शोधा. काही पॉलिसींत नोकरी गेल्यावर हप्ते भरायची सोय असते, दाव्याची मुदत छोटी असली तरी वाटाघाटीत तो मुद्दा चालतो.

कार्डाचा आकडा बघून दचकू नका. तिकडे कार्डावर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. २८,००० दिरहमवर चक्रवाढीने हे दोन वर्षं चाललं तर ५६,९०० च्या वर जातं, दुपटीहून जास्त. दंड, कार्यवाही शुल्क वेगळंच. तडजोडीत पहिली सूट याच फुगवट्यावर मागायची. मुद्दलाच्या आसपास किंवा त्याखाली एकरकमी बोलणं करता येतं, हप्त्यांत बोललात तर सूट आटते आणि एक हप्ता चुकला की सगळं पूर्वपदावर. पैसे हातात असतील तेव्हाच बोलणी सुरू करा. पण फार लांबवूही नका: दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की तुमचं कर्ज आपोआप वाढतं. २०२३ मध्ये दिरहम साडेबावीस रुपयांच्या आसपास होता, नंतर चोवीसच्या घरात गेला. १,३८,००० दिरहमवर हा दीड रुपया म्हणजे दोन लाखांवर जातो.

तडजोडीचं पत्र बँकेच्याच ईमेलवरून यायला हवं, त्यात अंतिम रक्कम, 'फुल अँड फायनल' हे शब्द आणि पैसे आल्यावर बँक काय काय करेल ते लिहिलेलं हवं: क्लिअरन्स लेटर, सिक्युरिटी चेक परत, पोलीस किंवा कोर्टातली तक्रार मागे, प्रवासबंदी असेल तर ती उठवणं, आणि अल इतिहाद क्रेडिट ब्युरोत (तिकडचं सिबिल) नोंद दुरुस्त. पैसे बँकेतल्या तुमच्याच कर्जखात्यात, बँकेमार्फत पाठवायचे. एजंटाच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. कोंढव्याच्या एका पक्षकाराने 'सेटलमेंट'चे दोन लाख एजंटाच्या खात्यात टाकले होते. बँकेकडे त्याची नोंदच नव्हती आणि एजंटाचा नंबर बंद. आरएफसी खात्यात (परतलेल्यांचं परकीय चलनाचं खातं) शिल्लक असेल तर आधी ती वापरा. साध्या बचत खात्यातून पाठवलंत आणि बँकेने ते एलआरएसमध्ये (रहिवाशांनी परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) धरलं, तर वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जाईल. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तेवढे पैसे तोवर अडकतात. सीएला आधी विचारा.

घरी येणाऱ्यांचं बघू. सकाळी आठ ते संध्याकाळी सात हा फोनचा नियम रिझर्व्ह बँकेचा आहे आणि तो तिच्या अखत्यारीतल्या बँकांना लागतो. तुमच्या बँकेची इथे शाखा नसेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तक्रार घेणार नाही. पण धमकी ही धमकीच असते. सोसायटीच्या गेटवर त्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहायला लावा, सीसीटीव्हीचं फुटेज पुसलं जाण्याआधी सेक्रेटरींकडून काढून घ्या, फोन रेकॉर्ड करा. ते सगळं घेऊन पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. ठाण्यात बहुतेक अदखलपात्र नोंदीवर भागवतील, हरकत नाही. तिची प्रत एजन्सीला आणि बँकेच्या तक्रार विभागाला पाठवली की माणसं येणं थांबतं, असा माझा अनुभव आहे. खोट्या वॉरंटसाठी १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर वेगळी तक्रार करा. वडिलांनी दारात एकच वाक्य बोलायचं: "अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत द्या, मुलगा लेखी उत्तर देईल." आत बोलवायचं नाही, चहा तर नाहीच. (पुण्यात हे सांगावं लागू नये, पण तुमच्या वडिलांनी चहा दिला होता, असं तुम्हीच लिहिलंय.)

भारतीय बँकेच्या दुबई शाखेचं कर्ज असतं, तर यातलं बरंच बदललं असतं. ती इथलीच बँक, इथे थेट येऊ शकते आणि सिबिलवरही डाग पडू शकतो.

राहिलं तिकीट. अमिरातीत दहा हजार दिरहमच्या वरच्या थकबाकीसाठी प्रवासबंदी मागता येते आणि चेकची जुनी पोलीस तक्रार उघडी असेल तर विमानतळावर अडवू शकतात. दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवर एमिरेट्स आयडी (तिथला रहिवासी ओळखपत्र क्रमांक) टाकून आर्थिक गुन्ह्याची नोंद बघता येते, पण ती फक्त दुबईपुरती. शारजा, अबू धाबीचं त्यात दिसत नाही. पक्की माहिती तिथल्या वकिलाकडूनच मिळेल आणि त्याला मुखत्यारपत्र पाठवण्यात दोन-तीन आठवडे जातील, म्हणजे तुमच्या प्रवासाच्या आत ते होईलच असं नाही. ट्रान्झिटमध्ये इमिग्रेशन ओलांडावं लागत नाही हे खरं, पण विमान चुकलं, रद्द झालं आणि हॉटेलात पाठवलं, की काउंटरसमोर उभं राहावंच लागतं. आजच ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कला सांगा, मुंबईहून थेट फ्रँकफर्टचं तिकीट काढून द्या म्हणावं. फरकाचे पैसे मागितले तर खिशातून भरा.